पांढऱ्या घोड्यांची भाऊबंदकी

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ युरोपातून परतला आणि खिशातली परदेशी चिल्लर त्याने माझ्या धाकट्या बहिणीच्या ओंजळीत ओतली. त्यात स्लोव्हेनियाचे वीस सेंटचे नाणे होते व त्यावर दोन घोडे होते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची चित्रे मी पाहिलेली, म्हणून सहज म्हणालो, "हे तर ऑस्ट्रियाचे घोडे!" भाऊ हसला. म्हणाला, "तिकडे गेलास तर हे बोलू नकोस." या एका वाक्यापायी मी ग्रंथालयात चार दुपारी घालवल्या. त्यातून कळले ते असे.

या घोड्यांना लिपिझानर म्हणतात. १५८० साली आर्चड्यूक चार्ल्सने त्रिएस्तेजवळच्या लिपित्सा गावी त्यांची पैदास सुरू केली. हॅब्सबर्गांचे साम्राज्य १९१८ मध्ये मोडले, तेव्हा घरातली भांडी वाटावीत तसे घोडेही वाटले गेले. काही इटलीकडे गेले, काही ऑस्ट्रियाकडे. ऑस्ट्रियाने आपला हिस्सा पीबरला नेला. लिपित्सा गाव आधी इटलीत, १९४७ नंतर युगोस्लाव्हियात आणि १९९१ पासून स्लोव्हेनियात. इटलीच्या वाट्याचे बहुतेक घोडे मात्र महायुद्धानंतर रोमजवळ मॉन्तेरोतोन्दो येथे राहिले. थोडक्यात, शेत एकाकडे, सातबारा दुसऱ्याकडे आणि बैलजोडी तिसऱ्याच्या गोठ्यात!

आता सातबारा म्हणजे येथे वंशनोंदवही. शिंगरू जन्मले की त्याचे आईबाप वहीत लिहिले जातात. ज्याचे आईबाप वहीत नाहीत ते कितीही देखणे असले तरी लिपिझानर नव्हे. नराला दुहेरी नाव मिळते : पहिले बापाच्या घराण्याचे, दुसरे आईचे. (शिंगराला जे सहज मिळाले, ते आपल्याकडील कागदपत्रांत आत्ता आत्ता येऊ लागले आहे.) प्लूटो, कोन्व्हेर्सानो, नेआपोलिटानो, फावोरी, माएस्टोझो व सिग्लावी ही सहा नर-घराणी जुनी मानली जातात. पण हंगेरी, क्रोएशिया या बाजूला तुलिपान आणि इन्सिताटो अशी आणखी दोन आहेत. ती अस्सल की नाही, हा पहिला वाद. दुसरा त्याहून कडू. युरोपीय समुदायाच्या नियमांनुसार ज्याच्याकडे जातीची मूळ वही, त्याचे नियम इतरांनी पाळायचे. तेव्हा मूळ वही कोणाची? इटलीनेही हात वर केला, स्लोव्हेनियानेही.

हे भांडण नुसते मानापानाचे असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण जगात हे घोडे थोडे. प्रत्येकाने आपली वही मिटून घेतली, तर त्याच त्या रक्तात पैदास होत राहणार आणि वंश खंगणार. शिवाय सगळा कळप एका ठिकाणी असण्यातही धोका आहे. १९८३ साली पीबरला विषाणूची साथ आली आणि सुमारे ४० घोडे दगावले. अशा वेळी शेजाऱ्याच्या वहीतला घोडा आपल्या वहीत चालला पाहिजे.

आमच्या घराण्याची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहे. वाटणीवरून वडील आणि काका गेली अकरा वर्षे बोलत नाहीत. वहीत दोघांची नावे शेजारीशेजारी आहेत. मी ती पाहिली आहेत.

घोड्यांच्या भाऊबंदांनी १९८६ साली लिपिझानरांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. निरनिराळ्या देशांच्या संस्था व सरकारी पागा त्यात एकत्र आल्या. सहा घराण्यांच्या बरोबरीने तुलिपान आणि इन्सिताटो यांनाही महासंघाने समान मान दिला. यात कोणाची वही बुडाली नाही, हे मला विशेष वाटते. वह्या वेगळ्याच राहिल्या, फक्त एकमेकींना ओळखू लागल्या.

सगळे गोड झाले असे नाही. १९९१ च्या युद्धात क्रोएशियातील लिपिक येथील पागेवर तोफगोळे पडले आणि वाचलेले घोडे सर्बियात नेले गेले. उरलेसुरले परत यायला २००७ साल उजाडले. तोवर त्यांची बरीच आबाळ झाली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये युनेस्कोने लिपिझानर पैदाशीच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. अर्ज आठ देशांनी मिळून केला होता : ऑस्ट्रिया, बोस्निया-हर्जेगोविना, क्रोएशिया, हंगेरी, इटली, रुमानिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया. मूळ वहीवरून भांडलेले दोघेही त्यात आहेत. सर्बियाचे नाव मी दोनदा शोधले. ते नाही.