कऱ्हाटीचे अन्नपाणी आणि साल्मोनेलाचे शास्त्र

पुरंदर तालुक्यात उगम पावून जेजुरी-मोरगावावरून बारामतीस येणारी आणि सोनगावाजवळ नीरेस मिळणारी कऱ्हा बारमाही भरून वाहिली, असे कधी घडले नाही. आणि म्हणून तिच्या काठचा कऱ्हाटी हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसलेला, बाजरी-ज्वारीवर गुजराण करणारा मुलूख राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा आला, पुढे साखर कारखाने आले, संकरित गाई आल्या, कुक्कुटपालनाच्या शेडी उभ्या राहिल्या, १९८० च्या सुमारास इंदापूरच्या उत्तरेस उजनीचा जलाशय भरला, आणि जो प्रदेश एके काळी स्वतःच्या पोटाची भ्रांत वाहत होता तोच दूध, अंडी, मासे, द्राक्षे आणि डाळिंबे परमुलखास पुरवू लागला. हे स्थित्यंतर अभिमानास्पद आहे. परंतु जो स्वतःपुरते पिकवितो त्याच्या अन्नातील दोष त्याच्या घरापुरता राहतो आणि जो हजारोंना पुरवितो त्याच्या गोठ्यातील वा शेडीतील हलगर्जी हजारो घरांत पोहोचते, हा या समृद्धीबरोबर आलेला दायित्वाचा भाग अद्याप पुरता आपल्या मनावर ठसलेला नाही. साल्मोनेला या जंतुकुलाविषयी गेल्या दीडशे वर्षांत झालेल्या संशोधनाचा आढावा येथे घ्यावयाचा तो याच दायित्वाच्या जाणिवेने.

आपल्याकडे ज्याला मुदतीचा ताप किंवा विषमज्वर म्हणत आले त्याचा याच कुलातला जंतू १८८० मध्ये कार्ल एबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने प्रथम पाहिला आणि १८८४ मध्ये गाफ्की याने तो प्रयोगशाळेत वाढविला. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या शेतकी खात्यात डॅनियल साल्मन या पशुवैद्याच्या हाताखाली काम करणाऱ्या थिओबॉल्ड स्मिथने आजारी डुकरांतून एक जंतू वेगळा काढला, आणि १९०० मध्ये लिन्येर नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने या कुलास साल्मनचे नाव दिले. संशोधन स्मिथचे आणि नाव त्याच्या वरिष्ठाचे, असा हा इतिहास आहे. दरम्यान १८८८ मध्ये जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन या गावी आजारी गाईचे मांस खाऊन लोकांना जी विषबाधा झाली तिच्या मुळाशी याच कुलातला जंतू असल्याचे गेर्टनर याने दाखवून दिले, आणि जनावराचा रोग अन्नाच्या वाटेने माणसात उतरतो ही गोष्ट अनुमानाच्या पातळीवरून सिद्धांताच्या पातळीवर गेली.

पशुरोगांच्या या शास्त्राशी पुणे जिल्ह्याचे नाते जुने आहे. हिंदुस्थान सरकारने जनावरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये जी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली ती पुण्यातच, डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. पुढे ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली, आणि तिचाच वंशविस्तार म्हणजे आजची इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था, जेथे पशुपक्ष्यांतील साल्मोनेलाचे प्रकार ओळखण्याचे राष्ट्रीय केंद्र चालते. माणसांतील जंतूंसाठी तसेच केंद्र कसौली येथे, १९०५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संशोधन संस्थेत आहे. कॉफमन आणि व्हाइट या दोघांच्या नावाने चालत आलेल्या पद्धतीनुसार या कुलाचे आजवर अडीच हजारांहून अधिक उपप्रकार नोंदले गेले असून, जंतू कोणत्या उपप्रकाराचा आहे हे समजले की तो कोठून आला याचा माग काढता येतो. त्यामुळे ही वरवर नीरस भासणारी वर्गवारी साथीच्या तपासात मोठे काम करते.

या साऱ्या उपप्रकारांची सामान्य माणसापुरती दोन गटांत विभागणी पुरे आहे. विषमज्वराचा जंतू केवळ माणसाच्या देहात नांदतो. तो रुग्णाच्या किंवा वाहकाच्या मलातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो, आणि बरा झालेला माणूसही पित्ताशयात तो वर्षानुवर्षे बाळगू शकतो, हे न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन या स्वयंपाकिणीच्या प्रकरणाने १९०७ मध्ये जगापुढे आले. उरलेले बहुतेक सारे उपप्रकार कोंबड्या, गुरे, शेळ्यामेंढ्या यांच्या आतड्यांत, इतकेच काय, घरातल्या पालीच्या विष्ठेतही आढळतात, आणि अन्नातून माणसाच्या पोटात गेल्यावर जुलाब, उलट्या व ताप आणतात. धट्ट्याकट्ट्या माणसास हे दुखणे बहुधा आठवडाभरात सोडते. तान्ह्या मुलास, वृद्धास किंवा आधीच क्षीण झालेल्या रुग्णास ते प्राणावर बेतू शकते.

विषमज्वराविषयी आपल्याच जिल्ह्यात झालेले एक संशोधन येथे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्याचे जे काम उभे केले, त्याच परिसरात २०१७ ते २०२० या काळात एका राष्ट्रीय अभ्यासाचे केंद्र होते. दिल्ली, कोलकाता व वेल्लोर येथील शहरी वस्त्या आणि चौथे हे ग्रामीण पुणे, अशा चार ठिकाणी मिळून सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतील सुमारे २४ हजार मुलांच्या तापाची सातत्याने विचारपूस करण्यात आली आणि ताप लांबलेल्या मुलांचे रक्त तपासून जंतू वाढतो की नाही हे पाहण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष असे, की शहरी वस्त्यांत दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ मुलांना विषमज्वर होतो, आणि ग्रामीण पुण्यात अवघ्या ३५ मुलांना. देश तोच आणि जंतूही तोच, तरी प्रमाणात सोळा ते तेहतीस पटींचा फरक पडतो, याचा अर्थ विषमज्वर हा आपल्या कपाळी लिहिलेला रोग नसून वस्तीची दाटी, पाणी आणि मैला यांच्या व्यवस्थेचा तो हिशेब आहे.

मात्र हा ३५ चा आकडा वढू परिसराचा आहे, तो जसाच्या तसा कऱ्हाटीस लावता येणार नाही, आणि तो कायमचा टिकेल अशी हमीही कोणी देऊ शकत नाही. बारामती आता कसब्याचे शहर झाली आहे. औद्योगिक वसाहत, शिक्षणसंस्था, वसतिगृहे आणि त्यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या खाणावळी यांनी दाटी वाढविली आहे. पुण्याचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते आणि भीमा ते पाणी इंदापूर तालुक्याच्या कडेने उजनीत आणून सोडते. शिवाय दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणावरून, सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी या वाटेने जाते, तेव्हा लहानशा गावांत एका रात्रीपुरती लाखांची वस्ती होते, तीही ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. त्या दिवसांत विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकणारा जलसुरक्षक, टँकरच्या पाण्यातील क्लोरिन तपासणारा आरोग्यसेवक आणि रस्त्याकडेची उघडी फळे हटविणारा ग्रामपंचायतीचा शिपाई हे वारीचे खरे रक्षक होत. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची राज्याची पद्धत उत्तम आहे. ते कार्ड दप्तरात न राहता पाण्याच्या टाकीजवळ फलकावर लागले, तर गावकऱ्यांना आपल्या पाण्याचा दाखला रोज वाचता येईल.

लसीकरणातही महाराष्ट्राने मार्ग दाखविला आहे. विषमज्वराच्या नव्या संयुग्मी लसीची सार्वजनिक मोहीम जगात सर्वप्रथम नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये हाती घेतली आणि नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. त्यानंतरच्या पाहणीत लस दिलेल्या वस्त्यांत रोगाचे प्रमाण घटल्याचे आढळले. निदानाच्या बाबतीत मात्र आपण मागासलेले आहोत. १८९६ मध्ये शोधल्या गेलेल्या विडाल चाचणीच्या एकाच अहवालावर आजही तालुक्याच्या गावी ‘टायफॉईड निघाला’ असे सांगून औषधे सुरू होतात. वास्तविक ही चाचणी एकदाच केली असता पुष्कळदा फसवी ठरते आणि खरा पुरावा रक्तातून जंतू वाढवूनच मिळतो. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भोवतालच्या दवाखान्यांतील लांबलेल्या तापाच्या रुग्णांचे रक्त तेथे नेमाने तपासले जाण्याची तजवीज झाली, तर कऱ्हाटीस स्वतःचा आकडा मिळेल.

आता दुधाकडे वळू. पहाटेची धार काढून कॅन सायकलीस वा मोटारसायकलीस अडकवून संकलन केंद्रावर नेणाऱ्या शेतकऱ्यास तेथे फॅट आणि डिग्री यांवर भाव मिळतो. कास धुतली होती की नाही, कॅन कसा घासला, धार काढून किती वेळ झाला, यांवर भाव क्वचितच ठरतो, आणि ज्याला मोल नाही त्याची काळजीही घेतली जात नाही. बहात्तर अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापविले असता दुधातील साल्मोनेला मरतो, हे निर्विवाद आहे. परंतु १९८५ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या परिसरात पाश्चरीकरण केलेल्या दुधातूनच साथ पसरली, सोळा हजारांवर रुग्ण प्रयोगशाळेत निश्चित झाले आणि प्रत्यक्षात बाधितांची संख्या दीड लाखाच्या पुढे असावी असा अंदाज करण्यात आला. यंत्र उत्तम असूनही साथ आली, तेव्हा तापविल्यानंतरच्या नळ्या, टाक्या आणि हात यांकडे तितकेच लक्ष हवे, हा त्या प्रसंगाचा धडा होय. आपल्या घरोघरी दूध उकळून घेण्याची जी रीत आहे ती या दृष्टीने अमोल आहे आणि ‘कच्चे दूध अधिक पौष्टिक’ अशा नव्या प्रवादापायी ती सोडू नये.

कुक्कुटपालनाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पुणे हे या व्यवसायाचे देशातील एक मुख्य ठाणे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी येथे अंडी उबवणीचा मोठा उद्योग उभारला आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. बारामती-इंदापुरातील शेतकऱ्यास शेतीस जोड म्हणून या धंद्याने मोठा आधार दिला. साल्मोनेलाचे दोन प्रकार, पिल्लांची पांढरी हगवण आणणारा पुलोरम व मोठ्या पक्ष्यांस मारणारा गॅलिनेरम, कोंबड्यांचा घात करीत असल्यामुळे पालक त्यांच्याविषयी जागरूक असतो. परंतु एन्टेरिटिडिस या प्रकाराने बाधलेली कोंबडी वरकरणी निरोगी दिसते आणि कवच तयार होण्याआधीच जंतू अंड्यात उतरवू शकते. १९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेस या गुप्त संक्रमणाने हादरविले, आणि डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या एका उपमंत्र्यांस अंड्यांविषयी केलेल्या विधानामुळे पद सोडावे लागले. पुढे तेथे अंडी देणाऱ्या कळपांना लस टोचण्याचा परिपाठ रूढ झाला आणि रुग्ण झपाट्याने घटले. स्वीडनने तर १९५३ मध्ये आल्वेस्टाच्या कत्तलखान्यातून पसरलेल्या साथीत सुमारे नव्वद माणसे गमावल्यावर, खाद्यापासून कत्तलखान्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तपासणीचा बंदोबस्त उभारला आणि तो आजतागायत टिकविला.

आपल्या स्वयंपाकात अंडे पूर्ण शिजते आणि रश्श्यातले मटण-कोंबडी चांगली रटरटते, हे आपले मोठे संरक्षण आहे, कारण सत्तर अंशांपुढे हा जंतू तग धरीत नाही. धोका येतो तो तीन वाटांनी. कच्चे मांस कापलेल्या सुरीने व पाटाने काकडी-कोथिंबीर चिरली जाते, तेव्हा शिजविण्याचा उपाय त्या काकडीस लागू पडत नाही. दुसरी वाट वेळेची आहे. अनुकूल उष्णतेत हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे हिशेबाने एकाचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होतात, आणि सकाळी रांधून मांडवात झाकून ठेवलेले लग्नाचे किंवा भंडाऱ्याचे अन्न संध्याकाळच्या पंगतीत वाढणे किती धोक्याचे आहे हे त्यावरून कळावे. कच्च्या अंड्याचे मेयोनीज ही तिसरी, अगदी नवी वाट शहरांतून तालुक्याच्या गाड्यांपर्यंत आली आहे. केरळने २०२३ मध्ये आणि तेलंगणाने २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली.

औषधांवर विसंबून राहण्याचे दिवसही संपत आले आहेत. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आले तेव्हा विषमज्वर जिंकला असे वाटले. १९७२ मध्ये केरळात कालिकत येथे त्यास न जुमानणाऱ्या जंतूची साथ आली, आणि २०१६ पासून सिंध प्रांतात बहुतेक सारी औषधे निष्फळ करणारा प्रकार पसरला. शेडीत पक्षी लवकर वजनदार व्हावे म्हणून खाद्यातून प्रतिजैविके देण्याची प्रथा या प्रतिकारशक्तीस खतपाणी घालते, म्हणूनच भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास मनाई केली.

कायद्याची उणीव आपल्याकडे नाही. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली, तो ऑगस्ट २०११ पासून अमलात आला, आणि त्याखालील मानकांनुसार दुधाच्या पदार्थांसारख्या अनेक जिनसांच्या पंचवीस ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला मुळीच आढळता कामा नये. परंतु भेसळ शोधणे वेगळे आणि जंतू शोधणे वेगळे. जंतू तपासावयाचा तर नमुना थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, आणि ती सोय तालुक्याच्या जवळ असल्याखेरीज कायद्याचा हुकूम कागदावरच राहतो.

माझे मत निःसंदिग्ध आहे. साल्मोनेलाविषयी जे जाणावयाचे ते मुख्यत्वे जाणून झाले आहे. त्याच्या वाटा ठाऊक आहेत आणि प्रत्येक वाटेवरचा नाका कोठे बसवावा हेही ठाऊक आहे. दूध संघांनी फॅटबरोबर स्वच्छतेसही भाव द्यावा, अंड्यांसाठी पाळलेल्या कळपांची तपासणी व लसीकरण व्हावे, नगरपालिका व ग्रामपंचायतींनी पाण्याचे अहवाल जाहीर लावावे, उजनीत येणारे सांडपाणी पुणे व पिंपरी-चिंचवडने शुद्ध करूनच नदीत सोडावे, आणि बारामतीच्या आसमंतात अन्नातील जंतू तपासणारी प्रयोगशाळा असावी, एवढ्या मागण्या ज्या प्रदेशाने कालव्याच्या पाण्यावर साखरेची आणि दुधाची साम्राज्ये उभी केली त्यास अशक्य नाहीत. कऱ्हाटीच्या सुजाण रहिवाशांनी येत्या ग्रामसभेत निदान पाण्याच्या अहवालाचा प्रश्न उभा करावा आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये, एवढीच या लेखाची विनंती आहे.