काळूची शेपटी आणि पन्नास रुपये

मागच्या दिवाळीत आमच्या होस्टेलच्या मागे कुणीतरी काळू कुत्र्याच्या शेपटीला लवंगी फटाक्यांची माळ बांधली. आठ-दहा जण हसत होते. खरं सांगायचं तर त्यात मीही होतो. काळू दोन दिवस जिन्याखालून बाहेर आला नाही, तेव्हा मी कायदा शोधून वाचला.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! तीन वर्षांत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जनावर ठार किंवा जायबंदी केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग शिक्षा वाढवली की झालं? याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये छळ झालेल्या जनावराच्या उपचाराची सोय आहे. छळ करणाऱ्याला सुधारण्याची मात्र नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशा गुन्हेगाराला प्रोबेशनवर सोडताना कोर्ट त्याला समुपदेशन पूर्ण करायला लावतं.

मला वाटतं दोन्ही हवं. पन्नास रुपयांना कोणी घाबरत नाही आणि नुसत्या कैदेने कुणाला दुसऱ्याचं दुखणं कळत नाही. माळ बांधणारा आपल्यातलाच, उद्याचा इंजिनीअर. आणि हसणाऱ्यांना तर कुठलंच कलम लागत नाही. म्हणून काळूच्या शेपटीला मलम लावायचं काम मी माझ्याकडे घेतलं. पहिले चार दिवस तो मला जवळ येऊ देत नव्हता.