क्वाथाचे पाणी आणि अंशमात्र दूषके

महाबळेश्वर हे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान. जांभ्या खडकातून झिरपणारे येथील पाणी निर्मळ, ही परंपरागत श्रद्धा. तरीही झऱ्याचे पाणी प्यावे की बाटलीतील, अशी पृच्छा रुग्ण करतात.

या शंकेला २००३ मध्ये विशेष बळ मिळाले. त्या वर्षी फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दिल्ली व मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन इत्यादी कीटकनाशकांचे अवशेष आढळल्याचे प्रसिद्ध केले. ऑगस्टमध्ये शीतपेयांविषयीही तसेच निष्कर्ष आले. श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ च्या अहवालात ते ग्राह्य ठरविले. बाटलीबंद पाण्यासाठी एका कीटकनाशकाची मर्यादा प्रतिलिटर ०.१ मायक्रोग्रॅम, तर सर्वांची मिळून ०.५ मायक्रोग्रॅम निश्चित झाली.

शीतपेये वर्ज्य करा, असे सांगणे सोपे आहे. परंतु आपण देतो त्या क्वाथाच्या पाण्याचे काय? उकळण्याने जंतू नष्ट होतात. शिसे, आर्सेनिक, नायट्रेट मात्र पाण्यातच राहतात आणि पाणी आटेल तशी त्यांची तीव्रता वाढते. कीटकनाशकांच्या बाबतीतही उकळण्यावर विसंबता येत नाही.

शार्ङ्गधरसंहितेनुसार सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरवावे. समजा, पाण्यात प्रतिलिटर ५ मायक्रोग्रॅम शिसे आहे. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा १० असल्याने ते प्रमाणित ठरेल. १६ लिटरांचे २ लिटर उरल्यावर हेच प्रमाण ४० पर्यंत जाऊ शकते. तथापि ५० मिलिलिटर मात्रेतून रुग्णाच्या पोटात २ मायक्रोग्रॅम जाते. दिवसभरात प्यायलेल्या त्याच दोन लिटर साध्या पाण्यातून १०. म्हणून केवळ तीव्रता पाहून घाबरू नये आणि मात्रा अल्प म्हणून निश्चिंतही राहू नये. शिशाची निर्धोक अशी पातळी ज्ञात नाही. गर्भिणी, बालक आणि दीर्घकाळ क्वाथ घेणारा रुग्ण यांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी.

औषधनिर्मात्यांनी आपल्या विहिरीच्या वा विंधन विहिरीच्या पाण्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करावी आणि जड धातू व कीटकनाशके यांचा स्वतंत्र उल्लेख करून अहवाल मागावा. दोष आढळल्यास धातू व नायट्रेटसाठी आरओ संयंत्र, तर कीटकनाशकांसाठी सक्रिय कोळशाची गाळणी उपयुक्त ठरते. क्वाथपात्रांना कल्हई करताना कथिलात शिशाची भेसळ नाही, याचीही खातरजमा करावी.

रुग्णाने बाटलीवरील मर्यादा विचारली, तर आपल्या क्वाथाच्या पाण्याचा अहवालही त्याच्यासमोर ठेवता आला पाहिजे.