कापड आटतं कसं, आटवावं केव्हा

‘बाई, हे थोडं आटवता येईल का हो?’ दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कुणाला भाचीने अमेरिकेहून टी-शर्ट पाठवलेला असतो आणि तिथला ‘मीडियम’ आपल्याकडच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत असतो. कुणी प्रदर्शनातल्या गर्दीत खादीचा झब्बा न घालून बघताच उचललेला असतो. मुलांचे कपडे तर आपण मुद्दाम वाढत्या अंगाचे घेतो. मी बरीच वर्षं गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना वस्त्रशास्त्र शिकवलं, त्यामुळे ओळखीच्या घरांतून असे कपडे पिशवीत घालून माझ्याकडे तपासायला येतात.

दूध आटवायचं तर पातेलं विस्तवावर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. कापडाची बासुंदी अशी होत नाही. काही कापडं साध्या पाण्यातसुद्धा आटतात, काही उकळत्या पाण्यातून जशीच्या तशी बाहेर येतात आणि काही अशी आटतात की पुन्हा अंगात जाणंच नको. म्हणून पाणी तापवण्याआधी हातातलं कापड कशाचं आहे, हे पाहायला हवं.

सुरुवात सुती कापडापासून करू. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि आडवे धागे त्यांतून विणत जातात. पुढे धुलाई, रंगाई, छपाई या प्रत्येक यंत्रातून कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं. शेवटी खळ देऊन, वाळवून, त्याच ताणलेल्या अवस्थेत त्याचा तागा गुंडाळला जातो. हे कापड पहिल्यांदा पाण्यात पडलं की अंग सैल सोडतं. शिवाय कापसाचा तंतू पाणी पितो आणि जाडीने फुगतो. लांबीने मात्र जवळपास वाढत नाही. आडवा धागा असा जाड झाला की त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या उभ्या धाग्याला मोठा वळसा घ्यावा लागतो. त्या वळशासाठी लागणारी लांबी तो कुठून आणणार? कापडाच्या लांबीतूनच. कापड वाळलं, धागा पुन्हा बारीक झाला, तरी घेतलेला वळसा बराचसा तसाच राहतो.

यालाच आपण कापड आटणं म्हणतो, आणि आपल्या घरांतल्या बायकांना ते कुणी शिकवावं लागलं नाही. साडीला लावायचा फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतात तो याच कारणासाठी. नाहीतर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही आणि काठाला चुण्या पडतात. ब्लाउजच्या अस्तराचं तेच. आणि कोऱ्या कापडाचा परकर दोन धुण्यांत घोट्याच्या वर चढतो, हे ज्यांनी अनुभवलेलं नाही असं घर विरळाच.

गिरण्यांना याची चिंता होतीच. सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन संशोधकाने १९३०च्या सुमारास त्यावर एक तोड काढली. कापड दमट करून रबराच्या जाड पट्ट्यावर चढवायचं. पट्टा आधी ताणलेला असतो, तो आकसताना कापडालाही लांबीत आत ढकलतो. म्हणजे जे धुण्यात व्हायचं ते गिरणीतच उरकून घ्यायचं. त्याच्या नावावरून या क्रियेला ‘सॅन्फोरायझिंग’ म्हणतात. अशा कापडात एखाद्या टक्क्याहून अधिक आटणं उरत नाही, आणि न केलेलं सुती कापड दहा टक्क्यांपर्यंतही आटू शकतं. आज बाजारात मिळणारे बहुतेक चांगले तयार शर्ट आधीच आटवलेल्या कापडाचे असतात. ते पातेल्यात कितीही उकळा, बिल जाईल ते गॅसचं.

दुसरी गोष्ट म्हणजे सुती कापड जे काही आटायचं ते मुख्यतः पहिल्या धुण्यात आटतं, थोडंसं पुढच्या दोन-तीन धुण्यांत. पाच वर्षं अंगावर असलेला सदरा आता ढगळ होतोय म्हणून गरम पाण्यात घालणं म्हणजे पिळलेल्या लिंबाला पुन्हा पिळणं.

इथे मला घरचीच गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या विषयातली खरी अडचण मला तेव्हा स्वच्छ दिसली. सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. चौदा किलो वजन उतरलं. दुखणं बरं झालं, पण अण्णा घराबाहेर पडेनात. निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर त्यांचं रोजचं जाणं, तेही बंद. आईने खोदून विचारल्यावर म्हणाले, ‘सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. जो तो तब्येतीचंच विचारतो.’ सगळे कपडे नवे शिवायचे, तर औषधांच्या बिलांनी आधीच कंबर मोडलेली. आई म्हणाली, ‘सगळे एकदम कढत पाण्यात घालू या. तू शिकवतेस ना हे?’

मी टेप घेऊन बसले. अण्णांचे सात सदरे वर्षानुवर्षं धुतलेले, त्यांत आटायचं काही शिल्लक नव्हतं. चार पँटी टेरिकॉटच्या, त्यांना पाण्याची भीती नाही. उरला एक कोरा खादीचा झब्बा, कुणी तरी भेट दिलेला, गुडघ्याच्या खाली येणारा. लांबी ४२ इंच, छातीचा घेर ४६. तो मी आटवला. वाळून इस्त्री झाल्यावर लांबी भरली साडेएकोणचाळीस आणि घेर साडेचव्वेचाळीस. बाही दीड इंच चढली. आकडे नीट पाहा. उंचीत अडीच इंच गेले, घेरात जेमतेम दीड. उभे धागे जास्त ताणलेले असतात, म्हणून कापड आधी लांबीला आटतं, आणि सदऱ्याची किंवा बाहीची लांबी बहुतेक वेळा उभ्या धाग्यांच्याच दिशेने बेतलेली असते. माणूस मात्र वाळतो तेव्हा रोडावतो, बुटका होत नाही. झब्बा मुळात लांब होता म्हणून तो शोभला. तोच नेमक्या उंचीचा असता तर पोटावर सैल आणि मनगटावर आखूड झाला असता.

बाकीचे कपडे शिंप्याकडे गेले. सदऱ्यांच्या दोन्ही कुशीच्या शिवणी बाहीपासून खालपर्यंत आत घेतल्या, पँटी मागच्या शिवणीतून दोन-दोन इंच कमी केल्या. आत सोडलेली माया कापू नका, असं मी शिंपीदादांना बजावलं होतं. अंग पुन्हा भरलं तर उसवता येईल. आठवड्याभरात अण्णा झब्बा घालून कट्ट्यावर गेले.

तेव्हा तुमच्या हातात लांबीलाही आणि घेरालाही मोठा असलेला, कोरा किंवा एखादंच धुणं झालेला सुती कपडा असेल तरच पातेलं चढवा. आधी मापं लिहून ठेवा. आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग उतरला तर कढत पाण्याचा नाद सोडा. कपडा उलटा करून, पूर्ण बुडेल एवढ्या कढत पाण्यात अर्धा तास ठेवा. उकळतच ठेवण्याची गरज नसते. पूर्वी परटाच्या भट्टीत कपडे वाफेवर शिजत, ते मळ जावा म्हणून. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी तापवायची सोय असेल तर ६० अंशांवर एकदा फिरवून काढा. मग हलके पिळा, ओढाताण न करता सावलीत वाळवा. ओलसर असताना इस्त्री करायची तर ती दाबून उचलायची, सरकवायची नाही. सरकवली की आटवलेलं कापड तुम्हीच पुन्हा ताणता. कॉलरमध्ये आणि बाहीच्या पट्टीत बकरम असतं, ते कापडाइतकं आटत नाही आणि कॉलरला फोड आल्यासारखे दिसतात. पॉलिएस्टरच्या दोऱ्याने घातलेल्या टिपाही अशाच चुरमडतात. भरतकाम असेल तर मी तरी तो कपडा पाण्यात घालणार नाही.

टी-शर्ट विणलेला असतो तो मागावर नव्हे, स्वेटरसारखा टाक्याटाक्यांनी. टाके ओढले जाऊन लांबट झालेले असतात, पाण्यात ते पुन्हा गोल होऊ पाहतात. त्यामुळे टी-शर्ट लांबीला आटतो आणि कधी कधी रुंदीला उलट थोडा पसरतो. खांद्यावरून ओघळणारा टी-शर्ट आटवून खांद्यावर बसेल ही आशा बाळगू नका. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे हेच कपडे जास्त आटतात, याचं कारण तिथलं वाळवण्याचं यंत्र. गरम हवेत गरगरताना टाक्यांना मोकळं व्हायला वाव मिळतो. आपण ओला टी-शर्ट दोरीवर टांगतो आणि पाण्याच्या वजनाने तो पुन्हा लांबतो. म्हणून आटवलेला टी-शर्ट खाटेवर टॉवेल पसरून आडवा वाळवावा. चिठ्ठीवर लायक्रा किंवा इलास्टेन लिहिलेलं असेल, मग तो टी-शर्ट असो की जीन्स, तर जास्त उष्णतेने ताणशक्ती मरते आणि कपडा आणखी लोंबू लागतो.

रेयॉन म्हणजेच व्हिस्कोस दिसायला सुळसुळीत आणि आटायला सुतापेक्षाही तयार. पण ओला असताना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उरते, म्हणून गरम पाणी आणि पिळणं त्याला सोसत नाही. आटवायचाच तर साध्या पाण्यात बुडवून, टॉवेलात गुंडाळून दाबून, जे होईल ते पाहावं. रेशमाच्या वाटेला जाऊ नका. क्रेप आणि जॉर्जेटमध्ये धाग्याला इतका पीळ असतो की पाण्यात ते भलतंच आकसतं, जरीचं आणखी निराळं. रेशमी कपडा शिंप्याकडेच.

लोकरीची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी, आणि नुकसानही तिथेच सर्वांत जास्त होतं. लोकर म्हणजे मेंढीचे केस. त्यांवर माशासारखे बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेने. माशावर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर सरकतो, उलटा फिरवला तर अडकतो. गरम साबणाच्या पाण्यात लोकर चोळली की केस एकाच बाजूला सरकत राहतात, मागे येऊ शकत नाहीत आणि एकमेकांत घट्ट गुंततात. काश्मीरचा नमदा असाच न विणता, लोकर भिजवून आणि दाबून बनतो. तो मुद्दाम केलेला प्रकार; आपला स्वेटर बादलीत पडला की तो नकळत नमदा होतो. सुती कपडा आटला तर थोडाफार ताणून परत आणता येतो. लोकरीचं हे गुंतणं कायमचं.

तरीही एखाद्या मापाने मोठा स्वेटर बसवायचा असेल, तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात थोडा साबण विरघळवून तो हलक्या हाताने दाबा आणि दर पाच मिनिटांनी बाहेर काढून मोजा. हवं त्याच्या किंचित अलीकडेच थांबा. नंतर साध्या पाण्यात खंगाळून, दोन टॉवेलांत दाबून, मापात आणून आडवा वाळवा. यंत्रात धुता येईल असं चिठ्ठीवर लिहिलेल्या लोकरीचे खवले रसायनाने निकामी केलेले असतात, ती असं आटणार नाही. आणि ‘लोकर’ म्हणून आपण विकत घेतो त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं. ते गरम पाण्याने सैल पडतं, आटत नाही.

शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढा. मुलं जवळ नसताना, बेसिनपाशी, चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख बोटांनी चुरगळते. सूत कागदासारखं जळतं. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हाताने विणलेला खऱ्या लोकरीचा स्वेटर असेल तर माझं मत विचाराल तर तो आटवूच नये. उसवावा, लड्या करून धुवाव्या, धाग्याचे वळसे किटलीच्या वाफेवर सरळ करावेत आणि नव्या मापाने विणावा. आपल्या घरांत एकेका लोकरीचे असे तीन-तीन स्वेटर झालेले आहेत.

राहता राहिलं पॉलिएस्टर. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली इंग्लंडमध्ये ‘टेरिलीन’ शोधलं आणि पुढे आपल्याकडे टेरिकॉटचं युग आलं. हा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे फुगणं आणि आटणं दोन्ही नाही. गिरणीत त्याला साधारण १८० ते २०० अंश तापमानात आकार पक्का करून दिलेला असतो. आपलं उकळतं पाणी १०० अंशांचं. त्याहून जास्त तापवायला जाल तर इस्त्रीखाली आधी चकाकी येते आणि मग कापड वितळतं. टेरिकॉटमध्ये बहुधा ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असतं, तेव्हा तेही त्याच्याच वळणावर जातं. शाळेचे बरेच गणवेश याच कापडाचे असतात. ते मोठे झाले तर कमरेला एक चुणी, पायाला आतून दोन इंचांची दुमड आणि हाताने घातलेली सैल धावती टीप, एवढं पुरतं. पुढच्या जूनमध्ये ती टीप पाच मिनिटांत उसवता येते.