तालमीचे पैसे

कलावंताला सरकारकडून पैसे मिळतात म्हटले, की गावात पहिला प्रश्न येतो तो वयाचा. ढोलकीवर नुकता हात बसू लागलेल्या विशीतल्या पोराला वडीलधारी मंडळी बिनदिक्कत सांगतात, अजून तुला बराच वेळ आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे असते ते म्हातारपणीचे मानधन. महाराष्ट्रातली ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांची योजना, जिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, ती वयाच्या पन्नाशीनंतर लागू होते आणि 2024 पासून तिच्यात सरसकट 5,000 रुपये दरमहा मिळतात. केंद्राची अशीच योजना साठीनंतरची आहे. दोन्ही गरजेच्याच. पण ज्याने आयुष्यभर वाजवले त्याला आधार देणे वेगळे आणि ज्याला अजून वाजवायला शिकायचे आहे त्याला उभे करणे वेगळे.

हा दुसरा पैसाही अस्तित्वात आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते. गंमत म्हणजे त्यातली एक रक्कमही नेमकी 5,000 आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालय 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षे दरमहा एवढी शिष्यवृत्ती देते. आकडा तोच असल्याने दोन्ही योजना लोकांच्या बोलण्यात एकमेकींत मिसळतात, आणि विशीतला मुलगा पन्नाशीची वाट पाहत बसतो.

शिकणाऱ्याचा खर्च कोणीतरी उचलावा, ही कल्पना काही दिल्लीहून आलेली नाही. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली आणि नेहमीच्या शिक्षणाचा रस्ता अडला. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांच्या गाण्याच्या तालमीची सोय केली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे शिक्षण झाले. पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मिरजेच्या दरबाराने तेव्हा त्यांच्या मैफली विकत घेतल्या नव्हत्या, त्यांची शिकण्याची वर्षे विकत घेतली होती. आजच्या शिष्यवृत्त्यांचे कामही तेच. फरक इतकाच, की दरबारात शब्द टाकला की काम होई, इथे अर्ज भरावा लागतो.

‘पाच हजारांत होते काय?’ हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि तो निम्मा खरा आहे. महिन्याचे 5,000 म्हणजे दोन वर्षांचे 1,20,000. यात घर चालत नाही, आणि घर चालवणे हा त्याचा हेतूही नाही. नियमात या पैशाची कामे सांगितली आहेत: राहणे, प्रवास, पुस्तके, साहित्य किंवा उपकरणे आणि गुरूची फी. तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून दोनदा एसटीने गुरूकडे जाणे, तबल्याला नवी पुडी चढवून घेणे, सनईसाठी चांगल्या पत्त्या मिळवणे, या खर्चांना पगारदार माणूस किरकोळ म्हणेल. ज्याचे घर लग्नसराईच्या सुपाऱ्यांवर चालते, त्याच्या घरी तालीम याच खर्चांपाशी अडते. त्यातही मोठा खर्च हिशेबात दिसतच नाही. शिकायला गेले की त्या दिवसाचे काम बुडते. यात्रा-जत्रांच्या हंगामात एका सुपारीला नाही म्हणणे म्हणजे घरातल्यांची बोलणी खाणे. शिष्यवृत्ती मुख्यतः या नकाराची किंमत भरून देते.

आक्षेपाचा खरा अर्धा भाग वेगळाच आहे. हे पैसे दरमहा हातात पडत नाहीत, चार सहामाही हप्त्यांत येतात. गुरूची फी आणि एसटीचे तिकीट मात्र हप्त्याची वाट पाहत नाहीत. ज्याच्या घरात थोडी शिल्लक आहे त्याला 30,000 रुपये एकदम मिळणे सोयीचे वाटते. ज्याच्याकडे ती नाही तो मधले महिने उसनवारीवर काढतो. गरजूंसाठीच्या योजनेत ही अडचण वर्षानुवर्षे राहावी, हे न पटण्यासारखे आहे.

‘हे सगळे शास्त्रीय गाणाऱ्यांसाठी, आणि पदवी असेल तरच’ हा समज पूर्ण चुकीचा आहे. लोककला आणि पारंपरिक कलांचा या शिष्यवृत्तीत स्वतंत्र विभाग आहे, ठुमरी-कव्वालीसारख्या उपशास्त्रीय प्रकारांचाही आहे. शालेय शिक्षणाची ठराविक अट नाही. अट आहे ती गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिकल्याच्या दाखल्याची, आणि निवड तज्ज्ञांच्या समितीपुढे होते. पदवी लागते ती पुढच्या पायरीवर, कनिष्ठ आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी. तिथे 25 ते 40 वयाच्या कलावंताला दरमहा 10,000 आणि चाळिशीपुढच्याला 20,000 मिळतात, तेही दोन वर्षे, पण संशोधनाच्या प्रकल्पासाठी. दोन्ही योजनांच्या अटी लोकांनी एकत्र कालवल्या आणि दहावी नापास संबळवादकाने अर्जच केला नाही, असे सहज घडते.

पण पाच वर्षांचा तो दाखला तरी कोणाचा आणायचा? गोंधळ्याच्या किंवा हलगीवाल्याच्या घरात तालीम कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. मूल चालायला लागते तेव्हा वाद्य शेजारीच असते. ना प्रवेश, ना फी, ना पावती. गंडा बांधून क्लास चालवणाऱ्या उस्तादाच्या शिष्याला तारीखवार दाखला मिळतो, घरच्या शिष्याला तो जुळवावा लागतो. नियम कोणाला दार बंद करत नाही हे खरे, पण तो लिहिणाऱ्यांच्या मनात शिष्याचे एक ठराविक चित्र होते, आणि ते आळंदीच्या पखवाजाला जितके बसते तितके खंडोबाच्या जागरणातल्या दिमडीला बसत नाही.

लहान मुलांच्या योजनेत याची थोडी जाण दिसते. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र 1982 पासून 10 ते 14 वयाच्या मुलांना शिष्यवृत्ती देते. वर्षाला 650 जागा, त्यांतल्या 125 परंपरेने कला सादर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी आणि 100 आदिवासी मुलांसाठी राखीव. रक्कम वर्षाला 3,600 रुपये, शिवाय प्रत्यक्ष फी 9,000 पर्यंत. महिन्याचे 300 रुपये ऐकून हसू येईल, पण दर दोन वर्षांच्या आढाव्यात काम चांगले दिसले तर ही मदत विसाव्या वर्षापर्यंत चालू राहते. रक्कम लहान आणि मुदत लांब, असा हा दुर्मीळ प्रकार आहे. तारपा वाजवणाऱ्या घरातल्या मुलाला अधेमधे मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसापेक्षा याचा उपयोग जास्त.

बक्षिसाचा विषय निघालाच आहे. पुरस्कार मिळाला म्हणजे कलावंताची सोय झाली, हा समज तमाशाच्या इतिहासाने केव्हाच खोटा ठरवला आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवण्यात आले, आणि 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा हलाखीत होत्या. राज्य सरकारने नंतर त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. गौरव नंतर येतो. शिकण्याच्या काळात किंवा फड मोडकळीला आलेला असताना लागतो तो पैसा वेगळा.

‘अनुदान आले की कला तगते’ असा आशावाद अधूनमधून ऐकू येतो, तोही तपासून पाहावा. पश्चिम बंगालने 2014 मध्ये ‘लोकप्रसार प्रकल्प’ सुरू केला. त्यात 18 ते 60 वयाच्या लोककलावंताला महिन्याला 1,000 रुपये आणि सरकारने बोलावलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे 1,000 अशी रचना होती. म्हणजे मदतीला काम जोडलेले होते. हा विचार शहाणपणाचा. बोच एवढीच, की कलावंताची बरीचशी कामे सरकारी योजनांच्या प्रचाराची. गाणे टिकते, पण त्यात काय गायचे ते दुसराच ठरवतो. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने 2018 मध्ये सुरू केलेल्या योजनेत उलट टोक दिसते: 2,000 ते 12,000 पौंड, आणि कार्यक्रम करून दाखवण्याची अट नाही. कलावंताने शिकावे, कोणाबरोबर तरी काम करून पाहावे, प्रवास करावा, एवढेच. ऑस्ट्रेलियात तर शहरांपासून दूरच्या प्रदेशांतल्या कलावंतांसाठी ‘रीजनल आर्ट्स फंड’ असा वेगळाच निधी आहे. आपल्याकडे तरुणांच्या शिष्यवृत्तीच्या 400 जागा साऱ्या देशासाठी आहेत. देशात जिल्हेच सातशेहून अधिक. जिल्ह्यामागे एकही जागा येत नाही, मग आडगावच्या मुलाच्या वाट्याला काय येणार?

सरकारीच दार ठोठावले पाहिजे, असेही नाही. बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून कलावंतांना आणि अभ्यासकांना अनुदाने देत आले आहे, आणि तिथे प्रस्ताव मराठीतूनही लिहिता येतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहिलेल्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. अनुदान म्हणजे कर्ज, ही भीतीही उगाच. ते फेडायचे नसते, पण केलेल्या कामाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो वेळेवर दिला नाही तर पुढचा हप्ता अडतो.

गावातल्या गावात शिकायचे असेल, तर विभागीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य परंपरा योजना सगळ्यांत जवळची. इथे शिष्याला शहरात जावे लागत नाही, तालीम गुरूच्या दारीच होते. गुरूला दरमहा 7,500, साथीदाराला 3,750 आणि प्रत्येक शिष्याला 1,500 रुपये. साथीदाराचा वेगळा विचार फार थोड्या योजनांत सापडतो, आणि सनईला सूर धरणारा किंवा गोंधळात तुणतुण्यावर उभा राहणारा माणूस नसेल तर शिकवणे अर्धेच राहते, हे ज्याने ही तरतूद केली त्याला कळत असावे. मुदत सहा महिने ते एक वर्ष, हे मात्र तोकडेच. महाराष्ट्र या केंद्रांपैकी नागपूरच्या दक्षिण-मध्य विभागातही येतो आणि उदयपूरच्या पश्चिम विभागातही, त्यामुळे इथल्या गुरूला दोन्हीकडे चौकशी करता येते. गोव्यातल्या कलावंताने उदयपूरला लिहावे.