संगोपनगृहातील जुन्या नोंदकाला संगणकाची जोड
म्हैसूर परिसर रेशीम शेतीसाठी प्रसिद्ध असून केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थाही तेथेच आहे. चॉकी अवस्थेतील अळ्यांना २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. रात्रीतून त्यात झालेला बिघाड सकाळी लक्षात आला, तर फार उशीर झालेला असतो.

सिरीयल पोर्ट असलेला जुना तापमान-आर्द्रता नोंदक त्यासाठी टाकून देण्याचे कारण नाही. सिरीयल-इथरनेट परिवर्तक जोडल्यास नोंदी संगणकावर तत्काळ दिसतात. मात्र वेग, डेटा बिट, पॅरिटी व स्टॉप बिट दोन्हीकडे सारखे ठेवावेत. आरएस-२३२ केबल साधारण १५ मीटरच्या आत असावी. अशा जुन्या यंत्रांना सहसा संकेतशब्दाचे संरक्षण नसते; म्हणून परिवर्तक थेट इंटरनेटला जोडू नये. जोडणीनंतर आकडे ओल्या-कोरड्या तापमापीशी पडताळून पाहावेत.