दानचिंतामणी अत्तिमब्बे

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिरातील यादवकालीन शिलालेख आजही उभे आहेत. दगड टिकतो, ताडपत्राची मात्र वेळेवर नक्कल झाली नाही, तर त्यासह ग्रंथही लोपतो. हे जाणणारी एक श्राविका त्या लेखांच्या सुमारे तीन शतके आधी, आपला हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांकडे असताना, त्यांच्या राजदरबारातील घराण्यात होऊन गेली.

अत्तिमब्बे ही सेनानी मल्लपांची कन्या व वीर नागदेवांची पत्नी. नागदेव रणांगणी पडले. त्यांची दुसरी पत्नी, म्हणजे अत्तिमब्बेची सख्खी बहीण गुंडमब्बे, सती गेली. अत्तिमब्बेने मात्र पुत्रासाठी जगणे स्वीकारले आणि व्रतस्थ राहून आपले धन धर्मकार्यास वाहिले. महाकवी पोन्नाच्या ‘शांतिपुराणा’च्या १००० प्रती तिने लिहवून वाटल्या. तिच्याच आश्रयाने रन्नाने इ.स. ९९३ मध्ये ‘अजितपुराण’ रचले. इ.स. १००७ मध्ये तिने लक्कुंडी येथे जिनालय उभारले.

आहार, औषध, अभय यांच्याइतकेच शास्त्रदानही श्रेष्ठ. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने हीच परंपरा छापील ग्रंथांतून पुढे नेली. आपल्या घरच्या माळ्यावरील जुनी पोथी आपण शेवटची केव्हा उघडली होती?